'चालतंय की!' : एका जुन्या कंपायलरची समीक्षा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. कंपायलरशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर 'प्रमाण' हा विषय शिकवला. एखादी गोष्ट खरी आहे हे आपण कशावरून मानतो? डोळ्यांनी दिसलं म्हणून? पुस्तकात लिहिलंय म्हणून? की तर्कानं निघालं म्हणून? आपल्या नांदेड-लातूरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हाच प्रश्न रोज उभा राहतो, आणि 'चालतंय की!' या दोन शब्दांत निकालात निघतो. त्या दोन शब्दांची आज चिकित्सा करायची आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी तीन शब्द स्पष्ट करतो. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. दुभाषा म्हणा. टूलकिट म्हणजे त्या दुभाष्याबरोबर येणारा सगळा संसार : लिहायचा एडिटर, तयार लायब्ररी, चूक शोधणारा डीबगर. आणि स्टँडर्ड म्हणजे भाषेत कोणत्या वाक्याचा काय अर्थ घ्यायचा, हे लिहून ठेवलेला दस्तऐवज. सी++ या भाषेचा दस्तऐवज आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. पहिला १९९८ साली आला. मग २००३, २०११, आणि त्यानंतर साधारण दर तीन वर्षांनी सुधारित आवृत्ती. दुभाषा बदलणं वेगळं आणि करारनामा बदलणं वेगळं, एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता समीक्षा कशाची? प्रॅक्टिकलच्या वहीच्या पहिल्या पानाची. बारावीच्या बायफोकल कॉम्प्युटर सायन्सची वही घ्या, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची घ्या. पहिल्या प्रोग्रॅमच्या सहा ओळी वर्षानुवर्षं तशाच उतरवल्या जातात. वाचून दाखवतो. हॅश इन्क्लूड आयओस्ट्रीम डॉट एच. हॅश इन्क्लूड कोनिओ डॉट एच. व्हॉइड मेन. क्लिअर स्क्रीन. सीआउट, पुढं अवतरणचिन्हांत काहीतरी नमस्कार-चमत्कार. आणि शेवटी गेटच.

कवितेची समीक्षा करताना जशी ओळ अन् ओळ घेतो, तशी ही घेऊ.

पहिली ओळ. आयओस्ट्रीम डॉट एच या नावाची फाईल सी++ च्या कुठल्याही आयएसओ स्टँडर्डमध्ये नाही. १९९८ मध्ये जी आली ती नुसती आयओस्ट्रीम, 'डॉट एच' शिवाय. आजच्या जीसीसी कंपायलरला ही ओळ दिली तर तो सांगतो, अशी फाईलच सापडत नाही.

दुसरी ओळ. कोनिओ, म्हणजे कन्सोल इनपुट-आउटपुट. ही डॉसच्या काळातल्या कंपायलरांनी आपापली दिलेली सोय. सी च्या किंवा सी++ च्या स्टँडर्डमध्ये ती कधीच नव्हती.

तिसरी ओळ. व्हॉइड मेन. म्हणजे 'मेन हे फंक्शन काही उत्तर परत देणार नाही.' सी++ चं स्टँडर्ड म्हणतं, मेननं पूर्णांक परत दिलाच पाहिजे. का? कारण प्रोग्रॅम एकटा नसतो. त्याला कुणीतरी चालवतं : ऑपरेटिंग सिस्टिम किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम. त्याला कळायला नको का, काम फत्ते झालं की अडलं? शून्य आलं तर ठीक, दुसरं काही आलं तर गडबड. व्हॉइड मेन म्हणजे तालुक्याला कामासाठी पाठवलेल्या माणसानं परत येऊन काहीच न सांगणं.

चौथी आणि सहावी ओळ. पडदा साफ कर, आणि शेवटी एक बटण दाबेपर्यंत थांब. या दोन्ही कोनिओच्याच. कुठल्याही लेकराला विचारा, शेवटी गेटच कशाला? उत्तर येईल, "सर, त्याशिवाय आउटपुट दिसत नाही." खरंय ते. टर्बो सी++ चा निळा पडदा प्रोग्रॅम संपताक्षणी पुन्हा एडिटरवर येतो आणि आउटपुट मागं राहतं. ते बघायला आल्ट आणि एफ-फाइव्ह दाबावं लागतं. म्हणजे गेटच ही एका टूलच्या अडचणीवर काढलेली तोड आहे. विद्यार्थ्याला मात्र ती भाषेचं व्याकरण वाटते. पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहावं तसं तो शेवटी गेटच लिहितो.

राहिली पाचवी ओळ, सीआउटची. सहा ओळींत भाषेची म्हणावी अशी ही एकच. आणि आजच्या नियमानं तिलाही 'एसटीडी' या कुळाचं नाव लावावं लागतं, नाहीतर सीआउट कोण हे कंपायलरला कळत नाही.

आता समीक्षकानं न्यायही करायला हवा. जुन्या कृतीला तिच्या काळाच्या मापानं मोजावं. टर्बो सी++ हे बोरलँड कंपनीचं, पहिली आवृत्ती १९९० ची. आपल्या लॅबांमध्ये जी स्थिरावली ती पुढची ३.०. त्या काळी ते उत्तम साधन होतं. लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं, चूक शोधणं, मदत वाचणं, सगळं एका पडद्यावर. तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रावरसुद्धा झटपट चालायचं. आणि तेव्हा सी++ चं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच नव्हतं. आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. त्या दिवशी कुणी वहीत आयओस्ट्रीम डॉट एच लिहिलं असेल तर त्यानं काहीही चूक केली नाही. ज्या नियमाचा भंग झाला म्हणायचं, तो नियम यायलाच चार वर्षं होती. त्यामुळं टर्बोवर माझा राग नाही. माझा आक्षेप आपण त्याचं पुढं काय केलं, यावर आहे.

काय केलं? यंत्रं बदलली. चौसष्ट बिटांचं विंडोज आलं, आणि ते सोळा बिटांचे जुने डॉस प्रोग्रॅम चालवत नाही. टर्बो चालेना. ही संधी होती. दार वाजलं होतं. आपण काय केलं, तर डॉसबॉक्स बसवलं. डॉसबॉक्स हे मुळात जुने डॉसचे गेम खेळता यावेत म्हणून काढलेलं सॉफ्टवेअर. नव्या यंत्राच्या पोटात ते जुन्या यंत्राचं सोंग उभं करतं. त्या सोंगात आपण टर्बो बसवलं आणि वही वाचवली. हे काही एकट्या मराठवाड्यात झालं असं नाही, देशभरातल्या शाळा-कॉलेजांत झालं. पण मी माझ्या अंगणाबद्दल बोलतो.

हे आळसापोटी झालं असं मी म्हणणार नाही. शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं असतं. कारणं नीट बघू. लातूर पॅटर्न सगळ्यांना ठाऊक आहे. सराव, पुन्हा सराव, प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका. या पद्धतीनं खेड्यापाड्यातली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. तिची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण सरावाला स्थिर निशाण लागतं. जे हलतं त्याचा पाठ करता येत नाही. बायफोकलचं आकर्षण काय? दोनशे गुण हातात येतात. एका पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++, एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर वगैरे. ८०८५ हा तर १९७६ चा. तो बदलत नाही, ही त्याची परीक्षेच्या दृष्टीनं मोठीच सोय. सी++ ला आपण त्याच्याच पंगतीला बसवलं. ८०८५ ही घडून गेलेली वस्तू आहे आणि सी++ ही चालू असलेली भाषा आहे, हा फरक आपण पुसला.

दुसरं कारण नोकरीचं. लॅब सांभाळणारी कितीतरी मंडळी तासिका तत्त्वावर. जून-जुलैत नेमणूक, मार्चमध्ये सुट्टी. त्या माणसानं अभ्यासक्रमाच्या सगळ्या प्रोग्रॅमांची वही नव्यानं लिहावी, नवा कंपायलर बसवावा, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला पटवून द्यावं, ते कशाच्या बळावर? म्हणून गोठलेलं साधन हे मला गोठलेल्या व्यवस्थेचं चिन्ह वाटतं. पैशाचं कारण मात्र कुणी सांगू नये. जीसीसी १९८७ पासून आहे, मुक्त आहे, फुकट आहे.

आता गाभ्याकडे येतो. "सर, चालतंय की! मग बिघडलं कुठं?"

एक उदाहरण घेऊ. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम प्रत्येक वहीत असतो. नमुना म्हणून पाच हा आकडा द्यायची पद्धत आहे. उत्तर १२०. टर्बोमध्ये आठ द्या. खरं उत्तर ४०३२०. पडद्यावर येईल उणे २५२१६. आठ धन संख्यांचा गुणाकार उणे! कारण टर्बोचा 'इंट' सोळा बिटांचा. त्यात ३२७६७ पर्यंतच मावतं. त्यापुढं गेलं की गाडीच्या मीटरसारखं चाक फिरतं आणि दुसऱ्या टोकाला, उणेत जातं. हाच प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर आठाला बरोबर उत्तर देईल, आणि तेराला पुन्हा भलतंच काही दाखवील.

मग खोटं कोण बोललं? टर्बो? नाही. आजचा कंपायलर? तोही नाही. स्टँडर्डची हमी एवढीच, की इंटमध्ये निदान ३२७६७ पर्यंत मावेल. त्यापलीकडं किती, ते कंपायलर बनवणाऱ्यानं ठरवावं. आणि मर्यादा ओलांडली तर काय होईल, याची हमी स्टँडर्ड देतच नाही. चाक फिरून उणेत जाईल हेसुद्धा वचन नाही. ती त्या यंत्राची सवय. म्हणजे "पाच दिलं, बरोबर आलं, सबब प्रोग्रॅम बरोबर" या अनुमानात हेतूच लंगडा आहे. आमच्या न्यायशास्त्रात याला सव्यभिचार म्हणतात. हेतू साध्याशी एकनिष्ठ नसतो. चालणारा प्रोग्रॅम बरोबर असू शकतो, चुकीचाही असू शकतो.

एरवी आम्ही मास्तर लोक उलट शिकवतो. पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नका, प्रत्यक्ष पाहा. इथं मात्र प्रत्यक्ष एका कंपायलरच्या, एका यंत्राच्या, एका दिवसाच्या पलीकडं काही सांगत नाही. प्रोग्रॅमचा अर्थ काय, हे कळायला करारनामाच वाचावा लागतो. शब्दप्रमाणाला इतकी नेमकी जागा मला दुसऱ्या विद्येत क्वचित सापडली.

याहून मोठं उदाहरण लिनक्सचं. २००९ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये एक सुरक्षेची फट उघडकीस आली. नेटवर्कशी संबंधित एका भागात प्रोग्रॅमरनं आधी एक पॉइंटर वापरला, आणि मग पुढच्या ओळीत तपासलं की तो रिकामा तर नाही ना. क्रम उलटा झाला. आता कंपायलरनं काय केलं? मीमांसकांची अर्थापत्ती आठवा. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे. अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे. कंपायलरनं अगदी तसाच विचार केला. रिकामा पॉइंटर वापरणं करारात बसत नाही. यानं तर वापरला. अर्थात तो रिकामा नसलाच पाहिजे. मग पुढची तपासणी कशाला हवी? आणि त्यानं ती तपासणी काढून टाकली. कंपायलर हुशार झाला तशी जुनी चूक धोक्याची झाली. भोळ्या कंपायलरखाली तीच ओळ गुपचूप चालली असती. पुढं लिनक्सवाल्यांनी कंपायलरला असला तर्क करू नको म्हणून वेगळी आज्ञाच देऊन ठेवली.

'चाललं होतं' या शब्दांची किंमत काय असते, हे आपल्या भागाला सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंड, पिढ्यान् पिढ्या उभी असलेली घरं. आणि त्या वेळचा देशाचा भूकंपाचा नकाशा, १९८४ च्या स्टँडर्डमधला, आपल्या या पट्ट्याला सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात दाखवत होता. हजारो माणसं गेली. २००२ मध्ये ते स्टँडर्ड सुधारलं, तो सर्वांत खालचा विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. वहीतल्या प्रोग्रॅमची आणि त्या रात्रीची बरोबरी मी करत नाही, तसा गैरसमज नको. सांगायचंय ते इतकंच, की स्टँडर्ड सुधारतं ते कुणाला नवेपणाची हौस असते म्हणून नाही. मागच्या आवृत्तीला जे दिसलं नव्हतं, ते जगानं दाखवून दिलेलं असतं.

आता दुसरी बाजू. ती कमजोर नाही.

पहिला आक्षेप : नव्याच्या मागं किती धावायचं? मूलभूत गोष्टी त्याच आहेत. लूप तोच, ॲरे तोच. यात तथ्य आहे. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत एक संकेत आहे. पाणिनी, कात्यायन, पतंजली या तिघांत मतभेद आला तर नंतरच्याचं मत प्रमाण धरावं. म्हणजे वार्तिककार सूत्रकारावर, भाष्यकार दोघांवर. पण म्हणून पाणिनी बाद झाला का? पतंजलीचं सगळं भाष्य पाणिनीच्या सूत्रांवरच चालतं. सुधारित स्टँडर्ड असंच असतं. जुनं बरंचसं तसंच ठेवतं, थोडं बदलतं, आणि कुठं बदललं ते लिहून ठेवतं. आणि आपण मराठीत हे केलंच आहे की. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नाहीं' चं 'नाही' झालं. जुनं पुस्तक 'नाहीं' म्हणतं म्हणून ते अशुद्ध ठरत नाही. पण आज मराठीच्या पेपरात कुणी तसं लिहिलं तर मास्तर लाल रेघ मारतो. आणि शेजारच्या लॅबमध्ये १९९८ च्या आधीचं सी++ लिहिलं तर पूर्ण गुण!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर : चालू प्रकल्पात टूल बदललं की मोडतोड होते, वेळ जातो, पैसा जातो. अगदी बरोबर. म्हणूनच लिनक्सचं दुसरं उदाहरण सांगतो. एवढा जगभर चालणारा कर्नल, तो सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डवर, जीएनयूच्या थोड्या वाढीव बोलीत, २०२२ पर्यंत राहिला. तेहतीस वर्षांपूर्वीचं स्टँडर्ड! मग मी टर्बोला नावं का ठेवतो? कारण त्यांना माहीत होतं की आपण कुठं उभे आहोत आणि का. जुन्या नियमानुसार लूपचा चलपद लूपच्या बाहेर जाहीर करावा लागे, आणि लूप संपल्यावरही तो मागं उरे. त्या उरलेल्या चलपदाच्या गैरवापरातून सुरक्षेचे प्रश्न निघताहेत असं दिसलं, तेव्हा लायनस टॉरवाल्ड्सनं २०११ च्या स्टँडर्डवर जायचं ठरवलं. मे २०२२ मधली ५.१८ ही आवृत्ती त्या स्टँडर्डवर आली. त्याच्या आदल्या वर्षी किमान कंपायलर जीसीसी ५.१ असावा, हे ठरून गेलं होतं. आधी दुभाषा बदलला, मग करारनामा. दोन्ही एका दिवशी बदलले नाहीत.

म्हणजे जुनं वापरणं हा दोष होत नाही. आपण जुनं वापरतोय, हे ठाऊक नसणं हा दोष. आणि आपल्या वहीत नेमकं तेच घडतं. वहीवर कुठंही लिहिलेलं नसतं की हे सी++ कोणत्या सालचं. लेकराला वाटतं, सी++ म्हणजे हेच. बारावी होते, पदवी होते, पुण्याला मुलाखतीला जातं. समोर ऑनलाइन परीक्षा, मागं आजचा कंपायलर. पहिली ओळ टाइप करतं आणि लाल अक्षरं येतात : फाईल सापडत नाही. तर्क येतो, गणित येतं, मेहनत तर येतेच. पण स्वतःला म्हणतं, आपल्याला सी++ येत नाही. ज्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही त्या गोष्टीसाठी ते स्वतःला कमी लेखतं. नांदेडहून पुण्याला गेलेल्या मुलामध्ये न्यूनगंड तसाही पुरेसा असतो. त्यात ही भर आपण घालू नये. माझी सगळी तक्रार इथं आहे.

आणखी एक. टर्बोमध्ये स्वतःच्या गावाचं नाव देवनागरीत लिहून बघा. जमणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. टर्बो तिला ओळखत नाही. आजच्या कंपायलरमध्ये 'लातूर' लिहा आणि लांबी विचारा. यूटीएफ-८ मध्ये साठवलं असेल तर उत्तर येईल पंधरा. आपण म्हणतो अक्षरं तीन. युनिकोड म्हणतं पाच : ल, काना, त, दुसरा उकार, र. प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून पंधरा. अक्षर म्हणजे काय, यावर अर्धा तास वर्गात चर्चा होईल असा हा प्रयोग आहे. तो आपण मुलांपासून लपवून ठेवलाय.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो. त्यांना जीआर लागत नाही.

एक. नवा कंपायलर बसवा, पण पहिल्या दिवशी स्टँडर्ड बदलू नका. जीसीसीला सांगता येतं की १९९८ च्या नियमानं वाच. तसं सांगून जुने प्रोग्रॅम त्याच्यापुढं ठेवा.

दोन. जे मोडेल ते आपण गुपचूप दुरुस्त करून मुलांना आयतं देऊ नका. मोडलेलंच वर्गात दाखवा. प्रत्येक एरर हा एक प्रश्न आहे : आपण काय गृहीत धरलं होतं? फॉर लूपच्या आत जाहीर केलेला आय टर्बोमध्ये लूपनंतरही जिवंत राहतो, आणि १९९८ च्या नियमात लूपबरोबरच संपतो. कोणता नियम शहाणपणाचा, मुलांना वाद घालू द्या. कंपायलरला सगळ्या सूचना दाखव म्हणून सांगा, आणि त्या सूचना वाचायची सवय लावा. एरर कंपायलर देतो, सूचनाही तोच देतो, पण सूचना कुणी वाचत नाही.

तीन. मग एकेक पायरी चढा. १९९८ वरून २०११, तिथून २०१७. प्रत्येक पायरीवर जुन्या प्रोग्रॅमांची उत्तरं ताडून बघा. काही शब्दांचे अर्थच बदलले आहेत. 'ऑटो' हा शब्द जुन्या भाषेत होता, पण जवळजवळ निरुपयोगी. २०११ मध्ये त्याला नवं काम मिळालं : चलपदाचा प्रकार तू स्वतः ओळख. शब्द तोच, अर्थ निराळा. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल नाही.

चार. वहीच्या प्रत्येक प्रोग्रॅमवर एक ओळ वाढवा : कंपायलर कोणता, आवृत्ती कोणती, स्टँडर्ड कोणतं. इतिहासाच्या संशोधकानं हस्तलिखिताचा काळ नोंदवावा तसं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. आपण कुठं उभे आहोत हे मुलाला कळलं, की पुढचा रस्ता ते स्वतः शोधतं. मराठवाड्याच्या लेकरांबद्दल तेवढा भरवसा मला आहे.

थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक शिक्षिका) : सर, परीक्षकाला टर्बोचंच उत्तर हवं असेल तर? आम्ही मुलांचे गुण कसे घालवायचे?

उत्तर : अजिबात घालवू नका. गुण हा त्या लेकराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. वहीत डाव्या पानावर परीक्षेचं रूप लिहा, उजव्या पानावर आजचं. मुलाला दोन्ही बोली येऊ द्या. घरात एक मराठी, भाषणात दुसरी, हे आपण लहानपणापासून करतोच. फक्त कोणती कुठली, हे त्याला माहीत पाहिजे. आणि अभ्यास मंडळावर कुणी ओळखीचं असेल तर उजवं पान त्यांना दाखवा.

प्रश्न (एक विद्यार्थी) : सी++ सोडून सरळ पायथन का शिकवू नये?

उत्तर : शिकवा की. पण भाषा बदलून हा रोग जाईल असं समजू नका. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. जुन्या दुसरीचा आधार संपला १ जानेवारी २०२० ला. मधे अकरा वर्षं होती, तरी शेवटच्या महिन्यांपर्यंत लोक जुन्यावरच होते. "चालतंय की!" सगळीकडं असतं. आज पायथन शिकवाल आणि तीच वही वीस वर्षं उतरवून घ्याल, तर माझ्यासारखा कुणीतरी तेव्हा हेच भाषण करील.

प्रश्न (ऑनलाइन) : घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : इंटरनेटवर ब्राउझरमध्येच चालणारे कंपायलर मिळतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्टँडर्डचं साल निवडायची सोय असते. आपल्या वहीतला पहिला प्रोग्रॅम तिथं जसाच्या तसा टाका. एरर येतील. घाबरू नका, एकेक एरर नीट वाचा आणि कंपायलर काय म्हणतोय ते मराठीत वहीत लिहून काढा. पाच-सहा एरर असे लिहून झाले की तुमचा सी++ चा खरा पहिला धडा झाला.